तेल-तूप कमी करताना चव आणि पोत कसा राखावा

डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितले की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. सगळ्याच पदार्थांतले तेल सरसकट निम्मे केले जाते. आठवडाभर ते निभते. मग बटाट्याची भाजी कढईला धरते, आमटी पाणचट लागते, डब्यातली पोळी दुपारपर्यंत वातड होते, आणि महिन्याभरात तेलाची बरणी पूर्वीइतकीच तिरकी होऊ लागते. याचे खापर बहुधा निग्रहाच्या अभावावर फोडले जाते. माझ्या मते खरा दोष सरसकटपणाचा आहे. तेल फोडणीत सुगंध वाहून नेते, परतताना उष्णता पोहोचवते, शंकरपाळ्यात पिठाचा चिवटपणा मोडते आणि वरणभातात घास घशाखाली उतरवते. ही चारही कामे वेगवेगळी असल्यामुळे एखाद्या पदार्थातले तेल कमी करण्यापूर्वी ते तेथे कोणते काम करत आहे हे ओळखावे लागते. त्यानंतर काही ठिकाणी पाव हिश्शावर येऊनही घरच्यांना पत्ता लागत नाही, आणि काही ठिकाणी एक चमचाही कमी करता येत नाही, हे आपोआप लक्षात येते.

पुढील मजकुरात लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर आणि मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर असे माप धरले आहे.

आधी मोजमाप

स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅममधून ९ कॅलरी मिळतात, तर पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांतून ४. लहान चमचाभर तेल साधारण साडेचार ग्रॅम भरते, म्हणजे सुमारे ४० कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत २,००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तुपाला २७ ग्रॅम जागा दिली आहे. चार प्रौढ माणसांच्या घराला हा हिशेब लावला, तर महिन्याला तूप-लोणी धरून सुमारे सव्वातीन किलो होतात, आणि तेलाच्या मापात ते साडेतीन लिटरच्या आसपास जाते. नवी पिशवी फोडली की बरणीवर चिकटपट्टी लावून तारीख लिहावी आणि ती किती दिवसांत संपली ते पाहावे. एवढ्यानेच आपण कोठे आहोत ते कळते. पळीने अंदाजे ओतण्याऐवजी चमच्याने मोजून घालणे ही या लेखातली सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत उपयोगी सूचना आहे. ज्यांना हृदयविकार किंवा अन्य आजारासाठी वेगळे प्रमाण सांगितलेले असेल, त्यांनी अर्थातच तेच पाळावे.

आपल्या स्वयंपाकात एक फसगत हमखास होते. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते, तिळातही तितकेच, आणि सुक्या खोबऱ्यात त्याहूनही अधिक. फोडणीतले चमचाभर तेल वाचवायचे आणि भाजी कोरडी झाली म्हणून दोन मोठे चमचे दाण्याचे कूट घालायचे, यात सात ग्रॅमच्या आसपास तेल मागच्या दाराने परत येते. कूट वाईट नाही, त्यात प्रथिने आणि तंतूही आहेत. पण ते हिशेबात धरावे.

फोडणी: येथे सर्वाधिक बचत होते

हळदीचा रंग, मिरचीचा तिखटपणा, जिऱ्या-हिंगाचा वास देणारी द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. शिवाय पाणी १०० अंशांवर उकळून वाफ होऊन जाते, तर तेल दीडशे अंशांच्या पुष्कळ पुढे जाऊ शकते, आणि खमंगपणा त्या उष्णतेशिवाय येत नाही. मोहरीच्या आतल्या ओलाव्याची वाफ झाली की ती फुटते. तेल पुरेसे तापलेले नसेल तर ती नुसती कडवट दाण्यासारखी दाताखाली येते. म्हणून फोडणीत तेल हवेच, मात्र सुगंध उतरण्यासाठी ते खूप लागत नाही. अडचण येते ती भांड्यामुळे. रुंद कढईत दोन लहान चमचे तेल घातले की त्याचा पातळ पापुद्रा पसरतो, मोहरी त्यात बुडत नाही, अर्धी जळते आणि अर्धी कच्ची राहते. मग वैतागून आणखी तेल ओतले जाते.

यासाठी लहान तळाचे लोखंडी कढले किंवा फोडणीची पळी वापरावी आणि ती किंचित कलती धरावी, म्हणजे थोडेच तेल एका बाजूला खोल साठते. तेल तापल्यावर मोहरी घालावी, ती पूर्ण तडतडू द्यावी, मग जिरे, कढीपत्ता, आणि आच बंद करून हिंग, हळद, तिखट अशा क्रमाने जावे. थोड्या तेलात हळद-तिखट क्षणात करपते. ते टाळण्यासाठी दोन्ही चमचाभर पाण्यात कालवून ठेवून शेवटी घालता येतात. पाणी पडताच तेल उडते, म्हणून झाकण हाताशी असू द्यावे.

फोडणी केव्हा घालावी हा प्रश्न तिच्या तेलाइतकाच महत्त्वाचा आहे. सुरुवातीला फोडणी करून त्यावर आमटी वीस मिनिटे उकळली, तर तिच्या सुगंधाचा मोठा भाग वाफेबरोबर शेजाऱ्यांकडे जातो. चार माणसांच्या आमटीला पूर्वी तीन मोठे चमचे तेल लागत असेल, तर डाळ हळद-हिंग घालून शिजवावी, चिंच-गूळ-गोडा मसाला घालून उकळी आणावी, आणि अगदी शेवटी दोन ते तीन लहान चमचे तेलाची फोडणी वरून चरचरत ओतून लगेच दोन मिनिटे झाकण ठेवावे. तेल पृष्ठभागावर राहते आणि घास तोंडाजवळ येतानाच वास येतो. कोशिंबीर, दडपे पोहे आणि कढीला आपण हे पूर्वीपासून करतोच. ते आमटी-उसळीपर्यंत न्यायचे, इतकेच.

वाटण परतणे आणि तर्री

आपल्याकडच्या बहुतेक पाककृतींत ‘तेल सुटेपर्यंत परता’ असे वाक्य असते. कांदा-खोबऱ्याच्या किंवा कांदा-टोमॅटोच्या वाटणातले पाणी आटत आले की त्यात मिसळून बसलेले तेल वेगळे होऊन कडेने दिसू लागते. म्हणजे तेल सुटणे ही पाणी आटल्याची खूण आहे. तेलच कमी घातलेले असेल तर ते सुटलेले दिसणार नाही, आणि खुणेची वाट पाहत राहिल्यास मसाला करपेल. कमी तेलात वेगळ्या खुणा पाहाव्यात. वाटणाचा कच्चा उग्र वास जातो, रंग एक छटा गडद होतो, उलथन्याने ढकलल्यावर ते कढईची कड सोडून गोळ्यासारखे एकत्र येते, आणि तळाशी तपकिरी पुटे धरू लागतात. या पुटांवर दोन चमचे गरम पाणी घालून ती खरवडून वाटणात मिसळावीत. खमंगपणा त्यांतच असतो. पाणी आटले की पुन्हा तेच करावे. तीन-चार वेळा असे केल्यावर एका मोठ्या चमच्याच्या तेलात पूर्वीच्या चार चमच्यांइतका रंग येतो. वेळ मात्र दहा मिनिटे अधिक लागतो, हे मान्य करायला हवे. कांदा आणि सुके खोबरे आधी गॅसवर किंवा तव्यावर कोरडे भाजून घेतल्यास हा वेळही कमी होतो. खेड्यांत काळ्या वाटणाचा कांदा निखाऱ्यात भाजतात, त्यात तेलाचा थेंबही नसतो.

मिसळीचा कट किंवा तांबडा रस्सा यांच्या बाबतीत प्रश्न डोळ्यांचाही असतो. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून तर्री लाल आणि तिच्याखालचा रस्सा फिका दिसतो. सगळा रस्सा तेलकट करण्याची गरज नसते. रस्सा कमी तेलात करून, वेगळ्या कढल्यात दोन मोठे चमचे तेल कोमट ते गरम करावे, आच बंद करून त्यात तिखट नसलेली पण रंगाची ब्याडगी मिरचीपूड घालावी, आणि ही तर्री वाढताना प्रत्येक वाटीत अर्धा लहान चमचा सोडावी. तेल धूर येईपर्यंत तापवू नये, नाहीतर रंग काळवंडतो आणि चव कडू होते.

सुक्या भाज्या

फरसबी, कोबी, गवार, भेंडी यांत तेल दोन कामे करते: भाजी तळाला लागू देत नाही आणि उष्णता सर्व बाजूंनी पोहोचवते. दुसरे काम वाफ करू शकते. झाकणात पाणी ठेवून भाजी शिजवण्याची आपली जुनी रीत येथे उपयोगी पडते. खोलगट झाकणातल्या पाण्यामुळे झाकणाचा तळ तुलनेने थंड राहतो, आतली वाफ त्यावर थिजून थेंबाथेंबाने भाजीत परत पडते, आणि भाजी स्वतःच्याच रसात शिजते. पाणी गरम झाले की भाजीला लागल्यास तेच घालावे. बिडाची किंवा जाड बुडाची कढई असल्यास पाव किलो भाजीला दीड लहान चमचा तेल पुरते.

भेंडीला हा उपाय लावू नये, कारण वाफेने ती बुळबुळीत होते. ती धुऊन पूर्ण कोरडी करून, कापून, उघड्या कढईत मोठ्या आचेवर परतावी आणि चिंचेचा कोळ किंवा आमसूल लवकर घालावे. भरल्या वांग्यांचे दुखणे वेगळे आहे. वांग्याचा गर स्पंजासारखा पोकळ असल्याने जितके तेल घालाल तितके ते पिते. वांगी आधी पाच-सात मिनिटे वाफवून घेतली की ती पोकळी दबते, मग मसाला भरून थोड्या तेलावर परतली तरी लुसलुशीत राहतात.

तेल गेल्यावर चव सावरणे

तेल कमी झाले की तिखट, आंबट आणि खारट यांचा तोल बदलतो, आणि येथेच बहुतेक जण चुकतात. तिखटपणा देणारे द्रव्य तेलात धरून राहते व जिभेवर हळूहळू सुटते. तेल नसले की तेच तिखट एकदम झोंबते. आंबटपणाही बोचरा होतो. वास पटकन येतो आणि पटकन जातो, म्हणून पदार्थ पहिल्या घासाला ठीक आणि तिसऱ्या घासाला बेचव वाटतो. मग मीठ वाढवले जाते, जे रक्तदाबाच्या माणसाला तेलापेक्षा महाग पडते.

म्हणून तेल निम्म्यावर आणताना तिखट पाव हिश्शाने कमी करून पाहावे, चिंच-लिंबू शेवटी चाखून घालावे, आणि गेलेला दाटपणा दुसऱ्या मार्गाने आणावा. उसळीतले दोन पळ्या दाणे ठेचून परत त्यात मिसळावेत. रश्शाला चमचाभर भाजलेले बेसन किंवा ज्वारीचे पीठ पाण्यात कालवून लावावे. पालेभाजीत मूग डाळ घोटावी. दाट रस जिभेवर थोडा अधिक रेंगाळतो आणि तेलाने दिलेला मुलायमपणा काही अंशी भरून निघतो, पूर्णपणे मात्र नाही. मसाले ताजे भाजून कुटलेले असतील तर फरक सर्वांत कमी जाणवतो. वर्षभराचा जुना मसाला भरपूर तेलात खपून जातो, कमी तेलात उघडा पडतो.

पोळी

घडीच्या पोळीत तेल तीन ठिकाणी जाते: कणकेत, घडीत आणि भाजल्यावर वरून. वरून लावलेले तेल बहुतांश चकाकीसाठी असते, ते सोडावे. घडीतले तेल मात्र पदर सुटे ठेवते, वाफ त्या पदरांत शिरते आणि पोळी फुगते. तेथे पाव लहान चमचा पुरेसा होतो, त्यावर चिमूटभर पीठ भुरभुरावे. कणकेतले तेल निम्मे करायचे असेल तर कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी. तवा चांगला तापलेला असावा, कारण मंद आचेवर रेंगाळलेली पोळी आतला ओलावा घालवून बसते आणि थंड झाल्यावर चामट होते. भाजल्याबरोबर पोळ्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात. इतके करूनही डब्यातली पोळी ताज्या पोळीइतकी मऊ राहणार नाही, गरम केल्यावर सुधारेल. ज्यांना कचेरीत अन्न गरम करण्याची सोय नाही, त्यांनी कणकेतले तेल कमी करू नये, हे माझे मत आहे.

मोहन: येथे हात आखडू नये

मैद्यात पाणी पडले आणि मळले की त्याचे चिवट धागे तयार होतात. आधी चोळलेले तूप किंवा गरम तेल, म्हणजेच मोहन, पिठाच्या कणांवर लेप देऊन हे धागे लांब होऊ देत नाही, म्हणून शंकरपाळी आणि करंजी खुसखुशीत होतात. हे काम दुसरी कोणतीही वस्तू करत नाही. दूध, साखर आणि तूप एकेक वाटी व मावेल तेवढा मैदा, या नेहमीच्या मापातले तूप निम्मे केले की शंकरपाळी कडक होते. तुपाऐवजी लोणी घेण्याचा मोहही टाळावा. लोण्यात पाणी असते आणि ते पाणी नेमके तेच धागे बळकट करते.

चकलीच्या भाजणीत मुख्यतः तांदूळ आणि डाळी असतात, तरी मोहनाचे गणित तितकेच काटेकोर आहे. वाटीभर भाजणीला एक मोठा चमचा कडकडीत तेल हे माप सांभाळावे. कमी पडले तर चकली दगडासारखी, अधिक झाले तर ती कढईत विरघळते आणि तेल पिते. म्हणजे जास्त मोहनाने तेल दोनदा वाढते. एका दिवाळीत मी आरोग्याच्या भरात मोहन निम्मे केले होते. त्या चकल्या आम्ही मार्गशीर्ष उजाडेपर्यंत आमटीत भिजवून संपवल्या.

मोहन पुरेसे आहे की नाही हे हाताला कळते. गरम तेल पिठात घालून दोन्ही तळव्यांनी चोळावे आणि मूठ आवळावी. मुटका वळला आणि बोटाने दाबताच सहज फुटला, तर प्रमाण बरोबर. बचत करायची असल्यास संख्येत करावी. नेहमीच्या पिठाच्या निम्मे पीठ भिजवावे, चकली लहान पाडावी, शंकरपाळी पातळ लाटावी.

तळण आणि भाजणे

तळताना पदार्थातले पाणी वाफ होऊन बाहेर पडते, आणि बाहेर पडणारी वाफ तेलाला आत येऊ देत नाही. पदार्थ कढईतून काढल्यावर वाफेचा जोर ओसरतो आणि पृष्ठभागावरचे तेल आत ओढले जाते. म्हणून झाऱ्यावर पदार्थ घेऊन कढईवरच काही क्षण निथळू द्यावा, लगेच चाळणीत उभा ठेवावा, आणि गरम असतानाच कागदाने टिपावा. थंड झाल्यावर टिपण्यात अर्थ नाही. तेल कमी तापलेले असले तर पदार्थ त्यात अधिक वेळ राहतो आणि अधिक तेलकट होतो. त्यामुळे एका वेळी फार घाणा घालू नये. पिठाचा कण टाकताच तो बुडबुड्यांसह वर आला, पण लगेच लाल झाला नाही, ही तापमानाची खूण.

एअर फ्रायर म्हणजे गरम हवेचा पंखा असलेली छोटी भट्टी. वाफवलेली कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा हे आकार धरून असलेले पदार्थ वरून हाताने थोडे तेल लावून त्यात चांगले होतात. कांदाभजी होत नाही. सैल पीठ जाळीतून गळते, आणि गरम तेलात पडताच जी जाळीदार कुरकुरीत कड तयार होते ती हवेत तयार होऊ शकत नाही. भजी खायचीच असेल तर तळून, चार, पावसात.

दूध, दही, चक्का

फुल क्रीम दुधात ६ टक्के, टोन्ड दुधात ३ टक्के आणि डबल टोन्ड दुधात दीड टक्का स्निग्धांश असतो. दह्यात हे स्निग्धकण प्रथिनांच्या जाळीत अडकून बसतात आणि जाळीला फार घट्ट होऊ देत नाहीत. ते नसले की जाळी आकसते, पाणी सुटते, चक्का रवाळ आणि खडूसारखा लागतो. त्यात साखर घातली की तिच्यामुळे आणखी पाणी सुटून श्रीखंड सैल होते.

टोन्ड दुधाचे श्रीखंड करायचे असल्यास दूध दहा मिनिटे ढवळत आटवावे, म्हणजे घनांश वाढतो. कोमट झाल्यावर विरजावे आणि दही लागताच, आंबट होण्यापूर्वी, फडक्यात बांधावे. ते शीतकपाटात रात्रभर टांगावे, नेहमीपेक्षा अधिक कोरडे होऊ द्यावे. चार भाग चक्क्यापैकी एक भाग पूर्ण मलईच्या दुधाचा घेतल्यास पोतात मोठा फरक पडतो आणि स्निग्धांश फारसा वाढत नाही. पिठीसाखर मिसळून दोनदा पुरणयंत्रातून काढावे, आणि केशर चमचाभर कोमट साईच्या दुधात खलून घालावे. आंबटपणा झाकण्यासाठी साखर वाढवू नये. बाजारातल्या ‘लो फॅट’ गोड पदार्थांत पुष्कळदा नेमके हेच केलेले असते. भारतीय नियमांप्रमाणे हा शब्द छापण्यासाठी घन पदार्थात १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा अधिक स्निग्धांश चालत नाही, पण साखरेबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही. पाकिटाच्या मागची साखरेची ओळ वाचावी.

कमी स्निग्धांशाच्या ताकाची कढी लवकर फुटते. ताक थंड असतानाच बेसन घुसळून घ्यावे, मंद आचेवर सतत ढवळावे आणि खळखळून उकळू देऊ नये.

लोणचे

कैरीच्या लोणच्यावरचा तेलाचा थर चवीसाठी जितका असतो, तितकाच हवा रोखण्यासाठी असतो. फोडी तेलाबाहेर राहिल्या की बुरशी येते, म्हणून लोणच्यातले तेल कमी करू नये. वाढताना फोड बरणीच्या कडेला निथळून घ्यावी आणि उरलेले खारातले तेल आमटीच्या फोडणीला वापरावे. तेल मुळीच नको असेल, तर उपासाचे लिंबाचे लोणचे करावे, त्यात मीठ, साखर आणि लिंबाची आंबटाई हीच राखण करतात. तेलाचे असो वा बिनतेलाचे, बरणीत ओला चमचा जाता कामा नये.